डोळ्यांच्या हॉस्पिटलचा रिव्ह्यू: कॉर्निया (बुबुळ) ओपीडी, लॅब आणि औषधाची खिडकी (चार स्टार)

आधीच सांगते, हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये. पुण्यातलं आहे, ट्रस्टचं आहे, फक्त डोळ्यांचं आहे, एवढं पुरे. नाव टाकलं की लगेच दोन पार्ट्या पडतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. यात आमच्या साताऱ्यातल्या एका मेडिकलवाल्याचाही रिव्ह्यू येणारे, त्याचं तर मुळीच नाव घेणार नाही, रोज त्याच्या दुकानावरून जावं लागतं.

तर झालं असं, जानेवारीत मावसभावाचं लग्न होतं. फोटोत चष्मा नको म्हणून हळदीला लेन्स घातल्या. महिनाभर चालणाऱ्या साध्या लेन्स, सहा वर्षं वापरतेय, सवय एवढी की आरसा पण लागत नाही. लेन्सचं सोल्युशन घरी राहिलं. मग काय, मंगल कार्यालयाच्या बेसिनवर, जिथं हळदीचे हात धुवायला रांग लागलेली, तिथंच नळाखाली डबी विसळली, त्याच पाण्यात लेन्स ठेवल्या आणि सकाळी परत डोळ्यात. दुसऱ्या रात्री तर काढल्याच नाहीत, वरातीतून आले आणि शालू पण न बदलता झोपले. हे स्वतःहून लिहितेय कारण कोणीतरी विचारणारच की ताई तुमची पण चूक असेल. होती. आहेच.

घरी आल्यावर उजव्या डोळ्यात कुसळ गेल्यासारखं टोचायला लागलं. लाल झाला, पाणी यायला लागलं. आमच्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्याशेजारी, २०२३ च्या पावसाळ्यातली ड्रॉपची अर्धी बाटली होती. आठवतंय ना ती साथ, आळंदीतून बातम्या सुरू झाल्या आणि बघता बघता अख्ख्या महाराष्ट्राचे डोळे आले, शाळाच्या शाळा काळे चष्मे घालून. ती साथ बॅक्टेरियाची नव्हती. व्हायरसची होती. अँटिबायोटिक ड्रॉपचा त्याच्यावर काडीचा परिणाम नाही, तरी तेव्हा घराघरात एकेक बाटली गेली आणि आमच्यासारखी उरून फ्रिजमध्ये राहिली. उघडलेली बाटली महिन्याभरात फेकायची असते. मी ती टाकली डोळ्यात. एक दिवस.

दुसऱ्या दिवशी मेडिकल. काउंटरवर उभं राहून डोळा दाखवला, त्यानं माझ्याकडे नीट बघितलंही नाही, मागं वळून बाटली काढली, ताई हे टाका, दिवसातनं चार वेळा, दोन दिवसात क्लिअर. मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि डेक्सामेथासोन, म्हणजे अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकाच बाटलीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं बॉक्सवर लिहिलेलं होतं, ते ना त्यानं वाचलं ना मी. आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी सकाळी लाली उतरली होती. त्या सकाळी मी मनातल्या मनात त्याला पाच स्टार देऊन टाकले, सासूबाईंना पण म्हणलं, उगाच डॉक्टरकडं पाचशे घालवले असते.

लाली का उतरली ते नंतर कळलं. स्टिरॉइडनं सूज आणि लाली दबते, पण जंतूशी लढणारी आपली फौजही त्याच बरोबर दबते. म्हणजे वॉचमनला झोपेची गोळी दिली आणि म्हणलं बघा आता गल्ली किती शांत झाली. आत जंतू मजेत वाढत होते.

तिसऱ्या रात्री जे दुखायला लागलं ते मी बाळंतपणाशी तुलना करू शकते आणि करतेय. ट्यूबलाइट सहन होईना. सकाळी आरशात बघितलं तर बुबुळावर मोहरीएवढा पांढरा ठिपका, आणि डोळ्यातनं हिरवट घाण. आई व्हिडिओ कॉलवर बघून एकच वाक्य बोलली, "अगं, फूल पडतंय डोळ्यात." दुपारपर्यंत तो ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. हे वाढवून सांगत नाहीये, नवऱ्यानं दर दोन तासांनी फोटो काढलेत. गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी टॉर्च मारला, मशिनवर बघितलं आणि म्हणले, कॉर्नियल अल्सर आहे, म्हणजे बुबुळावर जखम, माझ्याकडं वेळ घालवू नका, आत्ता निघा, वाटेत काहीही टाकू नका, आणि जे काय काय टाकलंय त्या सगळ्या बाटल्या बरोबर घ्या. फी घेतली नाही. त्यांना वेगळे पाच स्टार.

आता हॉस्पिटल. स्वारगेटपासून रिक्षा. केसपेपर १५० रुपये. टोकन नंबर ८४ आणि बोर्डवर चाललेला ३१, तो बोर्ड पण मधेच बंद पडायचा मग मावशी दारात येऊन ओरडून नंबर सांगायच्या. मी पदर डोळ्यावर धरून बसलेली, शेजारी एक आजोबा, ऊस तोडताना पान लागलेलं, त्यांचाही डोळा पांढरा. ते म्हणले आमच्याकडं पंधरा दिवस धन्याचं पाणी घातलं. एका सिस्टरचं लक्ष गेलं म्हणून बरं, तिनं पापणी उचलून बघितली आणि मला आणि आजोबांना, दोघांनाही रांग मोडून आत नेलं. मागं बडबड झाली थोडी. पण मुद्दा असा की सिस्टरचं लक्ष गेलं नसतं तर मी ८४ नंबरची वाट बघत बसले असते. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात तातडीचा पेशंट वेगळा काढायला दारात कोणी नाही, इथं अर्धा स्टार कट.

आत मात्र मी जे बघितलं त्यासाठी हा सगळा रिव्ह्यू लिहितेय. डॉक्टर मॅडमनी औषध दिलं नाही. म्हणजे लगेच दिलं नाही. पहिला प्रश्न, "बाटल्या आणल्यात?" दुसरा, "लेन्सची डबी?" ती पर्समध्येच होती, तशीच, हळदीच्या पाण्यासकट. त्यांनी ती हातमोज्यानं उचलून एका पिशवीत घातली, जणू पोलीस पंचनाम्याला पुरावा घेतायत. मग डोळा बधिर करायचे थेंब टाकले, मशिनवर हनुवटी टेकवायला लावली आणि बारीक पात्यानं अल्सरवरचं खरवडून घेतलं. ऐकायला भयंकर वाटतं, दुखत काही नाही, पातं डोळ्याकडं येताना दिसतं तेवढंच वाईट. बुबुळाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते म्हणे, मॅडम हे सांगतच खरवडत होत्या, हे ज्ञान मला नंतर दिलं असतं तरी चाललं असतं.

खरवडलेलं थोडं काचेच्या पट्टीवर आणि थोडं छोट्या ताटल्यांवर. ताटलीवर त्यांनी सुईनं इंग्रजी सी अक्षरासारख्या रेघा ओढल्या, ओळीनं, मराठी शाळेत गिरवतात तशा. मी विचारलं असं का, तर म्हणल्या, जंतू जर या रेघांवरच उगवला तर तो तुमच्या डोळ्यातला, रेघ सोडून बाजूला उगवला तर तो हवेतनं पडलेला, त्याला आम्ही मोजत नाही. कसलं साधं आणि कसलं भारी. तासाभरात पट्टीचा रिपोर्ट आला, ग्रॅम निगेटिव्ह काड्या, म्हणजे रंग दिल्यावर गुलाबी दिसणारे, काडीसारखे बॅक्टेरिया. बुरशी नाही. आजोबांची बुरशी निघाली. बाहेरून दोघांचा डोळा सारखाच पांढरा, आणि औषध एकाचं दुसऱ्याला चालणारच नाही. तो मेडिकलवाला दोघांनाही तीच बाटली देणार होता हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं.

पूर्ण रिपोर्ट तिसऱ्या दिवशी. स्युडोमोनास. ओल्या जागेत कुठंही राहणारा जंतू, नळ, बेसिन, मोरी, लेन्सची डबी. आणि माझ्या डबीतही तोच निघाला. ज्युनिअर डॉक्टरनं मोबाइलवर ताटलीचा फोटो दाखवला. सगळी ताटली हिरवट निळसर, आणि त्यावर औषधाच्या छोट्या पांढऱ्या टिकल्या ठेवलेल्या. जे औषध चालतं त्या टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडतो, रांगोळीत वाटी ठेवून उचलल्यावर दिसतो तसा. आणि जे चालत नाही त्याच्या अगदी कडेपर्यंत जंतू दाट उगवलेले, टिकली नसल्यासारखेच. मॉक्सिफ्लॉक्सासिन, सगळं दाट. सिप्रोफ्लॉक्सासिन, दाट. जेंटामायसिन, दाट. गोल पडला होता तो अमिकासिनला, सेफ्टाझिडाइमला आणि इमिपेनेमला. मी जे चार दिवस इमानेइतबारे टाकत होते त्याचा त्या जंतूला काहीच फरक पडत नव्हता, मला ते ऐकून स्वतःपेक्षा त्या टिकलीचीच दया आली.

मी विचारलं, माझ्या त्या जुन्या ड्रॉपमुळं तो जंतू असा झाला का? तो ज्युनिअर डॉक्टर प्रामाणिक निघाला. म्हणला ताई, चार दिवसात नाही होत, तो बहुतेक असाच आला असणार, बेसिनमधनंच. हा जंतू मुळातच चिवट, याच्या अंगात औषध बाहेर फेकायचे पंप असतात, तळमजल्यात पाणी शिरलं की मोटर लावून काढतो ना आपण तसं, शिवाय दुसऱ्या जंतूंकडून औषध पचवायची जनुकं उसनी घेतो. आपण सगळे मिळून जी अँटिबायोटिक्स येता जाता वापरतो, घेऊन अर्धवट सोडतो, त्यातनं असे पंपवाले तेवढे जगत जातात आणि मग कुठल्याही कार्यालयाच्या मोरीत भेटतात. तुमची चूक नळाचं पाणी आणि ते स्टिरॉइड, त्यानं त्याला चार दिवस मोकळं रान मिळालं. एवढं नीट मला आजवर कोणी काही समजावलं नव्हतं. पण हे त्यानं लिफ्टच्या बाहेर उभं राहून सांगितलं, स्वतःचा चहा गार करून. रिपोर्टच्या कागदावर नुसतीच अक्षरं, आर आणि एस, खाली काही खुलासा नाही. मी आर म्हणजे राइट, बरोबर औषध, असं समजून बसले होते! आर म्हणजे रेझिस्टंट, म्हणजे चालतच नाही, एस म्हणजे चालतं. हे मराठीत दोन ओळी छापायला काय जातं?

आता औषधाची खिडकी. बाजारात मिळणारे ड्रॉप एवढ्या अल्सरला पातळ पडतात, म्हणून हे लोक इंजेक्शनच्या पावडरीतनं जास्त कडक ड्रॉप स्वतः बनवून देतात, फोर्टिफाइड म्हणतात त्याला. काचेच्या मागं एक काका, टोपी मास्क हातमोजे, पंख्याखालच्या बंद पेटीत हात घालून बाटल्या भरतायत आणि प्रत्येक बाटलीवर हातानं तारीख. दोन बाटल्या, सेफ्टाझिडाइम आणि अमिकासिन, मिळून ७६० रुपये. कल्चरचे, म्हणजे ताटलीत जंतू उगवून बघायच्या तपासणीचे, ८५० झाले होते. फ्रिजमध्येच ठेवायच्या आणि आठवड्यानं उरलं तरी फेकायच्या, हे काकांनी मला तीन वेळा म्हणायला लावलं, पाढ्यासारखं. खिडकीचं सगळं छान, फक्त ती संध्याकाळी सहाला बंद होते आणि रविवारी उघडत नाही. शनिवारी बाटली सांडली तर? माझी सांडली. चिंचवडच्या आत्याकडं राहिले होते, तिच्या नातवानं फ्रिज उघडून खेळणं समजून दाबली. रविवारी इमर्जन्सीत जाऊन दोन तास बसून, वरच्या डॉक्टरांना फोन करून, कुलूप उघडायला लावून मिळाली. बनवून दिली हे खरं, पण इथं दुसरा अर्धा स्टार गेला.

पहिले दोन दिवस दर तासाला थेंब, रात्री पण. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर. म्हणजे तासातली दहा मिनिटं थेंबातच जातात आणि उरलेल्या पन्नास मिनिटांत झोपायचं. नवऱ्यानं मोबाइलवर चोवीस अलार्म लावले, आत्याच्या घरातले सगळे जागे. आणि हे थेंब झोंबतात, मिरचीचा हात लागल्यासारखे. दुखणं कमी व्हावं म्हणून बाहुली मोठी करणारा ड्रॉप दिला होता, त्यानं वाचायचं बंद. चौथ्या दिवशी ठिपक्याची कड जरा आखडली असं मॅडम म्हणल्या. मला काही दिसलं नाही. आठव्या दिवशी मलाही दिसलं. पहिल्या दिवशी त्या डोळ्यानं मी फक्त समोरची बोटं मोजू शकत होते, तिसऱ्या महिन्यात तक्त्यावर शेवटून दुसरी ओळ. फूल राहिलंय, थोडं कडेला, उजेडात वळून बघितलं की इतरांना दिसतं. अजून मिलिमीटरभर मधे असतं तर डोळे बदलायच्या, म्हणजे बुबुळ बसवायच्या यादीत नाव घालावं लागलं असतं असं मॅडमनी सांगितलं. आजोबा अजून येतात, त्यांचं नाव घातलंय.

मधल्या काळात न्यू जर्सीची मावसबहीण रोज फोन करायची आणि तिनंच मला अजून घाबरवलं. तिकडं २०२३ मध्ये झालेलं प्रकरण आठवतंय का म्हणाली. एझ्रीकेअर नावाचे डोळ्यांना ओलावा देणारे साधे थेंब, चिठ्ठीशिवाय मिळणारे, औषध पण नाही त्यात, नुसते कृत्रिम अश्रू. ती स्क्रीनसमोर बसून डोळे कोरडे पडतात म्हणून असलेच थेंब वापरायची. त्या एझ्रीकेअरमधनं स्युडोमोनास पसरला, माझाच भाऊबंद पण त्याहून बेरकी. माझ्या ताटलीत इमिपेनेमला गोल पडला होता ना, त्या जातीच्या म्हणजे कार्बापेनेम गटाच्या औषधांनाही तो दाद देत नव्हता आणि तसला प्रकार अमेरिकेत आधी सापडलाच नव्हता. मे २०२३ पर्यंत १८ राज्यांत ८१ पेशंट, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळाच काढावा लागला, चार जण वारले. बाटली रोज उघडून वापरायची, आणि आत जंतू वाढू नयेत म्हणून घालतात तो प्रिझर्वेटिव्ह नाही. आणि बनवलेली कुठं, तर आपल्या चेन्नईजवळ, ग्लोबल फार्मा हेल्थकेअरच्या कारखान्यात. नंतर अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, तिथं तपासणी केली तेव्हा निर्जंतुक ठेवण्यातच गफलती सापडल्या. फेब्रुवारीतच माल परत मागवला होता. बहिणीनं तेव्हा घरातले सगळे थेंब कचऱ्यात टाकले, त्या कंपनीचे नसलेले पण.

त्यामुळं मॅडमनी शेवटी मला कोरडेपणासाठी ओलाव्याचे थेंब लिहून दिले तेव्हा मी तिथल्या तिथं उलटतपासणी घेतली. त्यांनी न चिडता सांगितलं, एकदाच वापरून फेकायच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या घ्या, महाग पडतील पण रोज नवीन. पडतायत महाग. घेतेय. कुपीचं तोंड पापणीला लावायचं नाही हे पण आता पाठ झालंय, आधी सहा वर्षं मी प्रत्येक ड्रॉप पापणीला टेकवूनच टाकायचे.

बाकी किरकोळ. पार्किंग नाही, बाहेर पाच मिनिटांवर पे अँड पार्क. कँटीनचा साबुदाणा वडा फर्स्ट क्लास, चहा गोड पाणी. तळमजल्यावर त्यांचंच चष्म्याचं दुकान आहे, तिथली मुलगी डोळ्यावर पट्टी बांधलेल्या माणसाला पण फ्रेम दाखवते. फॉलोअपला रांग तीच, टोकन बोर्ड तोच, आता दुरुस्त झालाय असं आत्या म्हणाली. कल्चरचा रिपोर्ट खालच्या काउंटरवर मागू नका, ते दुपारनंतर या म्हणतात, दुसऱ्या मजल्यावर लॅबच्या दारातच मिळतो.

मेडिकलवाल्याला रिपोर्ट नेऊन दाखवला मी. भांडायला नाही, खरंच दाखवायला. त्यानं चष्मा लावून सगळा वाचला, मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या पुढचा आर पण वाचला, बराच वेळ गप्प होता. मग म्हणला, ताई लोक चिठ्ठी आणतच नाहीत, मी नाही दिलं तर पलीकडच्या दुकानातनं नेतात. खोटं बोलत नव्हता. त्याला एक स्टार, तो रिपोर्ट शेवटपर्यंत वाचल्याबद्दल.

आणि जायची वेळ आलीच तर वापरलेल्या बाटल्या, लेन्स, लेन्सची डबी सगळं जसंच्या तसं एका पिशवीत घालून न्या. बसमध्ये बसल्यावर मला त्या डबीची इतकी लाज वाटली होती की शिरवळच्या थांब्यावर नळ दिसला तेव्हा मी ती विसळायला उठलेच होते, नवऱ्यानं हात धरून खाली बसवलं.